ससा पाळावा की नाही?

बाजारात पिंजऱ्यातला पांढराशुभ्र ससा दिसला की तो घरी न्यावासा वाटतो. पण आधी थोडा हिशेब करावा. नीट सांभाळलेला ससा ८ ते १० वर्षे जगतो. आपले पदवीचे शिक्षण मात्र ३-४ वर्षांत आटोपते. पुढे त्याला कोण पाहणार? त्याचे दात आयुष्यभर वाढतात. ते झिजावेत म्हणून गाजर नव्हे, सुके गवत सतत पुढ्यात हवे. कडक उन्हाळा त्याला सोसत नाही. कान धरून त्याला उचलणे हा तर क्रूरपणाच. ससा दुखणे लपवतो. दिवसभर त्याने तोंड लावले नाही, तर जिवावर बेतले असे समजून पशुवैद्य गाठावा. वसतिगृहात राहणाऱ्यांनी हा मोह टाळावा. घरच्यांची मनापासून तयारी असेल, तरच ससा आणावा.