मज्जातंतूंचा मांडव

पोखर्णीच्या नृसिंहाच्या दर्शनाला अनवाणी जाताना पायात बाभळीचा काटा मोडला, तर पाय आपण विचार करून उचलत नाही. तो आपोआप वर येतो. तळपायापासून पाठीच्या कण्यापर्यंत ही खबर नेणारा तंतू जवळजवळ १ मीटर लांब असतो आणि केसाहून कितीतरी बारीक. मग तो रोजच्या चालण्याबसण्यात तुटत कसा नाही?

त्याला धरून ठेवणारे दुसरे कोणी असते. शरीर पेशींचे बनले आहे असे आपण शाळेत शिकवतो, ते खरेच. पण नुसत्या विटा रचून भिंत उभी राहत नाही, मधे चुना लागतो. पेशींच्या बाहेरही असे प्रथिनांचे जाळे असते. त्यातले एक महत्त्वाचे प्रथिन लॅमिनिन. त्याचा आकार क्रुसासारखा. आखूड हात एकमेकांत गुंफून त्याचे पटल बनते आणि लांब हाताचे टोक पेशीला धरते. तंतूवर पांघरूण घालणाऱ्या श्वान पेशींभोवती असे पटल असते. (हा श्वान म्हणजे कुत्रा नव्हे! थिओडोर श्वान हे जर्मन शास्त्रज्ञाचे नाव.)

ऊस तोडताना कोयत्याने बोटाची नस कापली, तर पुढचा तंतू मरतो, पण पटलाची नळी शिल्लक राहते. दोडक्याचा वेल मांडवाला धरून चढतो ना, तसा नवा तंतू त्या नळीतून दिवसाला साधारण १ मिलिमीटर सरकतो. मेंदूत आणि मज्जारज्जूत तंतूंना अशा नळ्या नाहीत, तिथली इजा सहसा भरून येत नाही त्याचे हे एक कारण.

आता याच मांडवाने चोराला वाट कशी दिली ते बघा. ज्याला आपण महारोग म्हणत आलो, त्या कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सन यांनी १८७३ साली शोधला. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ साली रुग्णसेवा सुरू केली, तेव्हा खात्रीचे औषध नव्हते. आणि हा जंतू नेमका नसाच का गाठतो, हेही कोणाला ठाऊक नव्हते. १९९७ साली अनुरा रंबुक्कना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की नसेभोवतीच्या लॅमिनिनचे जे टोक श्वान पेशीला धरते, त्यालाच हा जंतू चिकटतो. तिथून तो पेशीत शिरतो. त्याच्याशी झुंजताना शरीर जी सूज आणते, तिनेही नस चेपली जाते. म्हणून आधी बधिरपणा येतो. चुलीवर हात भाजतो आणि बाईला पत्ता नसतो! बोटे झडतात ती अशा न कळलेल्या जखमा चिघळून. पाप-शाप यांचा त्यात काडीचा संबंध नाही.

औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, ६ किंवा १२ महिने घ्यावे लागते. जंतू त्याने मरतो, पण फार दिवस चेपलेली नस पुन्हा जागी होईलच असे नाही. उशीर महागात पडतो तो इथे.

गुरुजींनी एवढे करावे. मुलाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, तर कापसाची बारीक वात घ्या. ती आधी चांगल्या कातडीवर टेकवून दाखवा, नाहीतर पोर घाबरून काहीही सांगते. मग डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर टेकवा आणि कुठे लागले ते बोटाने दाखवू द्या. कळले नाही, तर आईवडिलांना बाजूला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जायला सांगा. वर्गात मात्र त्याची वाच्यता नको.