कंपवात आणि कोरडे डोळे

वैशाखांत कन्हानला ऊन चढलें, नदीच्या पात्रांतील वाळू उघडी पडली आणि जवळच्या कोळशाच्या खाणींकडून धूळ येऊं लागली, कीं डोळे चुरचुरत असल्याची तक्रार घरोघर ऐकूं येते. नागपूर भागांत पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तेव्हां दोष हवेकडे जावा, हें साहजिकच आहे. परंतु घरांतील वडीलधाऱ्या माणसास कंपवात असेल, तर सारा दोष हवेला देऊन मोकळें होणें बरें नव्हे.

जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरनें १८१७ सालीं या विकाराचें वर्णन केलें. हातांचा कंप सर्वांच्या नजरेस येतो. शरीराच्या हालचालींस आलेलें मांद्य पापण्यांपर्यंत पोंचलें आहे, हें मात्र सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. निरोगी माणसाची पापणी मिनिटास सुमारें १५ वेळां लवते. कंपवाताच्या रोग्यांत ही संख्या पुष्कळदां निम्म्याहूनहि खालीं येते. आजोबा एकटक पाहतात तें रागानें नव्हे.

पापणी लवणें ही क्षुल्लक क्रिया नाहीं. डोळ्याच्या पृष्ठभागावर अश्रूंचा एक अतिशय पातळ थर असतो. त्यांतील पाण्यावर तेलाचा पापुद्रा असतो; हें तेल पापणीच्या कडेच्या ग्रंथींतून येतें आणि पाण्याची वाफ लवकर होऊं देत नाहीं. प्रत्येक वेळीं पापणी हा थर नव्यानें सारवून काढते. ती लवली नाहीं, कीं थर ठिकठिकाणीं फाटतो व डोळा उघडा पडतो. त्यांतच या विकारांत अश्रूहि कमी निर्माण होतात, आणि कंप कमी करणारीं ट्रायहेक्सीफेनिडिलसारखीं औषधें ते आणखी आटवतात.

गंमत अशी, कीं कोरडा डोळा पुष्कळदां वाहतो! कोरडेपणाची टोंचणी झाली म्हणजे अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते. पण तें गालावर ओघळून जातें, डोळ्यावर टिकत नाहीं. म्हणून घरचीं माणसें फसतात. शिवाय कित्येक रोग्यांत डोळ्याची संवेदनाच मंदावलेली असते. इजा चालू असते आणि तक्रार मात्र नसते. अंधुक दिसूं लागलें, कीं वर्तमानपत्र सुटतें, आणि आधींच डळमळीत असलेलें पाऊल उंबरठ्याला अडखळतें.

नेत्रवैद्य खालच्या पापणींत कागदाची पट्टी ५ मिनिटें ठेवून ती किती भिजते तें पाहतात. ५ मिलिमीटरहून कमी भिजल्यास कोरडेपणा बराच समजावा. उपाय साधे आहेत. कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसांतून अनेकदां घालावयाचे असल्यास ते परिरक्षक द्रव्य नसलेले असावेत. मिटलेल्या पापण्या कोमट फडक्यानें शेकाव्यात. कूलरचा झोत तोंडावर घेऊं नये. मध, गुलाबपाणी, सुरमा यांस डोळ्यांपासून दूर ठेवावें. कंपवाताचें औषध मनानें बंद करणें तर सर्वस्वी अयोग्य. लेव्होडोपानें कित्येकांची पापणी पूर्वीपेक्षां अधिक लवूं लागते.

थरथरत्या हातानें बाटली डोळ्यावर धरणें रोग्यास जमत नाहीं, थेंब गालावर पडतो, आणि संकोचामुळें तो तसें सांगतहि नाहीं. तो थेंब सुनेनें वा नातवानें घालावा. डोळा लाल होऊन दुखूं लागला किंवा दृष्टि एकाएकीं मंदावली, तर त्याच दिवशीं नेत्रवैद्यास दाखवावें.