गाठ तेवढीच, दुखणं कमी

स्कॅनमध्ये गाठ जवळजवळ तेवढीच दिसत होती. रुग्ण मात्र सांगत होते, बरं वाटतंय. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जेमसिटाबिन या औषधाच्या स्वादुपिंडाच्या कर्करोगावरच्या पहिल्या चाचण्या चालू असताना डॉक्टर या पेचात सापडले. तेव्हाची रीत ठरलेली होती: गाठीची लांबी-रुंदी मोजायची, दोन्हींचा गुणाकार निम्म्यावर आला तर औषध लागू पडलं म्हणायचं. या हिशेबात जेमसिटाबिन सपशेल नापास होत होतं.

मुळात त्याचा जन्मही कर्करोगासाठी झाला नव्हता. इंडियानापोलिसच्या एलाय लिली कंपनीत लॅरी हर्टेल हे रसायनशास्त्रज्ञ विषाणूंवर औषध शोधत होते, त्यातून ते हाती आलं.

पण स्वादुपिंडाच्या बाबतीत गाठ मोजण्याची ही मोजपट्टीच लंगडी होती. ही ग्रंथी जठराच्या मागे, खोल दडलेली. तिच्यातल्या गाठीभोवती तंतूंचं घट्ट जाळं आणि सूज असते, त्यामुळे गाठ कुठे संपते तेच स्कॅनवर धड कळत नाही. शेजारीच मज्जातंतूंचं जाळं. रोग त्यात शिरला की पाठीपर्यंत कळा जातात, अन्न नकोसं होतं, वजन उतरत जातं. रुग्णाच्या लेखी आजार म्हणजे हेच.

तरीही ‘बरं वाटतंय’ हा पुरावा कसा मानायचा? नवं औषध मिळतंय या आशेनंही माणसाला बरं वाटतं. मॉर्फिनचा डोस वाढवला तरी वाटतं.

टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओचे हॉवर्ड बरिस, डॅनियल व्हॉन हॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर जी चाचणी रचली, तिचं खरं कौतुक तिच्या नियमांत आहे. आधी प्रत्येकाची वेदनाशामकं एका पातळीवर स्थिर केली, म्हणजे मॉर्फिनचं श्रेय नव्या औषधाला जायला नको. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तशी १२६ रुग्णांची वाटणी झाली. निम्म्यांना जेमसिटाबिन, निम्म्यांना ५-एफयू हे जुनं औषध. वेदना किती, गोळ्या किती लागल्या, हिंडण्याफिरण्याची ताकद किती, वजन किती, या सगळ्याची नोंद होत राहिली. सुधारणा सलग चार आठवडे टिकली आणि दुसरं काही बिघडलं नाही, तरच ती धरायची.

जेमसिटाबिन घेणाऱ्यांपैकी २३.८ टक्के या कसोटीला उतरले, ५-एफयूवाल्यांपैकी ४.८ टक्के. आयुर्मानाचा मध्यक ५.६५ महिने विरुद्ध ४.४१. फरक जेमतेम पाच आठवड्यांचा, मोठ्यानं सांगायला संकोच वाटावा असा. पण वर्षानंतर जेमसिटाबिनच्या गटात १८ टक्के हयात होते, दुसऱ्यात २. १९९६ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

त्यानंतर जेमसिटाबिनच मोजपट्टी झालं. त्याला कशाकशाची जोड देऊन पाहिली, बहुतेक चाचण्या फसल्या. एर्लोटिनिब या औषधाची जोड जिंकली, २००७ मध्ये, ५६९ रुग्णांवर. मध्यकात फरक पडला सुमारे दहा दिवसांचा! संख्याशास्त्र याला यश म्हणतं. घरच्यांनी काय म्हणावं?

कोंडी फोडली ती फ्रान्समधल्या नान्सीच्या थिएरी कॉनरॉय यांच्या गटानं, आणि गंमत म्हणजे हरलेलं ५-एफयूच पुन्हा मैदानात उतरवून. त्याच्या जोडीला ल्युकोव्होरिन, इरिनोटेकान आणि ऑक्सॅलिप्लॅटिन. ‘फोल्फिरिनॉक्स’ नावाचं हे मिश्रण भलतंच जहाल. पांढऱ्या पेशी घसरतात, जुलाब होतात, हातपाय बधिरतात. २०११ मध्ये ३४२ रुग्णांचा निकाल आला: आयुर्मानाचा मध्यक ११.१ महिने, जेमसिटाबिनचा ६.८. त्याहून चकित करणारा आकडा निराळाच होता. सहा महिन्यांनी जीवनमान कायमचं खालावलेले रुग्ण जेमसिटाबिनच्या गटात ६६ टक्के होते, या जहाल औषधांच्या गटात ३१. औषधाचा त्रास जास्त, पण रोगाचा त्रास त्याहून मोठा होता, आणि तोच लांबणीवर पडला होता.

२०१८ मध्ये हेच मिश्रण, थोडं सौम्य करून, शस्त्रक्रिया झालेल्या ४९३ रुग्णांच्या चाचणीत वापरलं गेलं. मध्यक ५४.४ महिन्यांवर गेला, जेमसिटाबिनचा ३५ वर राहिला. मात्र शस्त्रक्रिया करता येईल इतक्या लवकर हा रोग सापडतो तो पाचांतल्या जेमतेम एकाचा, आणि चाचणीत घेतले गेले तेही त्यांतले, एवढी औषधं सोसू शकतील असे धडधाकट.