वाळूचा पत्ता

सिव्हिलच्या लॅबमध्ये आपण वाळू चाळतो. चाळण्यांचा मनोरा शेकरवर लावायचा, प्रत्येक चाळणीवर उरलेली वाळू वजन करायची, ग्राफ काढायचा आणि जर्नल सबमिट! कण केवढा आहे एवढंच आपण बघतो. तो आला कुठून, हे कुणी विचारत नाही. भूगर्भशास्त्रज्ञ नेमकं तेच विचारतात, आणि त्यावरून भारत आशियावर कधी आदळला याची तारीख काढतात.

यासाठी वाळूतले झिरकॉनचे कण वेचावे लागतात. झिरकॉन क्वार्ट्झहून जड आणि कठीण. डोंगर झिजला, नदीने शेकडो किलोमीटर फरफटत नेलं, तरी हा पठ्ठ्या शाबूत! शिलारसातून स्फटिक बनताना तो युरेनियमला आत घेतो, शिशाला मात्र जवळजवळ दारातच अडवतो. त्यामुळे पुढे आत जे शिसं सापडतं ते युरेनियमच्या क्षयातून आलेलं. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे. लेसरने कणावर साधारण ३० मायक्रॉनचा खड्डा पाडून मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये दोघांचं प्रमाण मोजलं की कणाचं वय कळतं.

अर्थात एका कणाने भागत नाही. पीटर फरमेश यांनी २००४ मध्ये हिशेब मांडला, की वाळूत ५ टक्के वाटा असलेला एकही वयोगट निसटू नये याची ९५ टक्के खात्री हवी असेल, तर ११७ कण मोजावे लागतात. एम-थ्रीमधली प्रोबॅबिलिटी कुठे वापरतात, याचं एक उत्तर मिळालं.

आता तिबेटला चला. टक्कर होण्याआधी भारत आणि आशिया यांच्यामध्ये टेथिस समुद्र होता, आणि आशियाच्या किनाऱ्यालगत खोल खंदक. आशियाची वाळू त्या खंदकात पडायची, पलीकडे भारताच्या बाजूला पोचत नव्हती. दोन्हीकडचे झिरकॉन वेगळे ओळखू येतात. भारताकडचे बहुतेक ५० कोटी वर्षांहून जुने, तर आशियाकडच्या गांगदिसे ज्वालामुखी पट्ट्यातले बरेच २० कोटी वर्षांहून तरुण. दक्षिण तिबेटात सांगदानलिन येथे भारताच्या उत्तर कडेवर साचलेले थर आहेत. खाली भारताची वाळू, आणि वर गेलं की अचानक आशियाची! हा बदल सुमारे ५.९ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे तेव्हा खंदक भरला, वाट खुली झाली. टक्कर सुरू.

पण थांबा. २०१२ मध्ये दाउवे फान हिन्सबर्गन आणि सहकाऱ्यांनी मांडलं, की तेव्हा आदळला तो भारतापासून आधीच सुटलेला एक तुकडा. त्याच्यामागे आणखी एक समुद्र होता, आणि मुख्य भारत आदळला तो फक्त अडीच ते दोन कोटी वर्षांपूर्वी. गंमत म्हणजे सांगदानलिनची वाळू याला खोटं ठरवू शकत नाही, कारण ते थर त्याच तुकड्यावरचे आहेत! मला ही शंका अगदी रास्त वाटली.

मग पुरावा आणखी दक्षिणेला, मुख्य भारतावरच शोधायला हवा. हिमाचलात सोलनजवळच्या सुबाथूचे थर तिथले आहेत, आणि त्यांचं वय ४ कोटी वर्षांहून जास्त. त्यांत क्रोम स्पिनेल नावाचं खनिज सापडतं. ते येतं समुद्रतळाच्या खडकांतून, जे भारत-आशियाच्या सांध्यावर वर आलेले आहेत. मध्ये समुद्र असता तर हे कण तो ओलांडून इथवर आले कसे? दोन कोटींवाल्यांना या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं, आणि वाद अजून चालूच आहे.