सिलिॲक आजार: गहू सोडल्यावर बरं वाटतं, पण आतडं खरंच बरं झालेलं असतं का?

जुलाब थांबले, पोटफुगी गेली, वजन वाढू लागलं. गहू बंद केल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सिलिॲकच्या अनेक रुग्णांना हा फरक जाणवतो. मग घरातून हमखास ऐकू येतं, "आता बरं वाटतंय ना तुला? सणाला एक पुरणपोळी खाल्लीस तर काय होतंय?"

बरेच रुग्ण इथेच चुकतात. कारण बरं वाटणं आणि आतडं बरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शरीरात नेमकं काय होतं?

गहू, जव (बार्ली) आणि राय या धान्यांमध्ये ग्लूटेन हे प्रथिन असतं. कणीक मळल्यावर तिला जो चिवटपणा येतो, तो याच्यामुळे. सिलिॲकच्या रुग्णाने ग्लूटेन खाल्लं की त्याची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात. अन्नातले पोषक घटक तेच शोषून घेतात. या हल्ल्यात ते झिजून सपाट होतात.

मग खाल्लेलं अंगी लागत नाही. रक्त कमी होतं, हाडं ठिसूळ होतात, मुलांची उंची खुंटते. जगात साधारण शंभरातल्या एकाला हा आजार असतो आणि अनेकांना त्याचा पत्ताही नसतो.

गहूच कारणीभूत आहे, हे कसं कळलं?

नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना १९३०च्या दशकातच गव्हावर संशय होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात, दुसऱ्या महायुद्धामुळे तिथे भीषण अन्नटंचाई झाली आणि पाव मिळेनासा झाला. इतर मुलं उपासमारीने खंगत असताना सिलिॲकची मुलं मात्र सुधारली. पाव परत आला तसा त्यांचा त्रासही परत आला. डिके यांनी १९५०मध्ये आपल्या प्रबंधात गव्हाचा हा संबंध मांडला.

आतडं भरून यायला किती वेळ लागतो?

लहान मुलांचं आतडं तुलनेने लवकर भरून येतं. मोठ्यांना मात्र धीर धरावा लागतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१०मध्ये प्रौढ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उपचार सुरू झाल्यावर दोन वर्षांनी सुमारे ३४ टक्के रुग्णांचं आतडं भरून आलं होतं. पाच वर्षांनी हे प्रमाण ६६ टक्क्यांवर गेलं.

सुरुवातीला काहींना दूधही पचत नाही, कारण दुधातली साखर पचवणारं विकर त्याच झिजलेल्या उंचवट्यांवर असतं. आतडं सुधारलं की हा त्रास बहुतेकदा कमी होतो.

थोडंसं खाल्लं तर?

रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने पोटात गेलं, तरी आतड्याला इजा होऊ शकते, असं इटलीतल्या संशोधकांना आढळलं. पावाच्या एका स्लाइसमध्ये साधारण दोन ग्रॅम किंवा त्याहून जास्त ग्लूटेन असतं. म्हणजे स्लाइसचा चाळिसावा भागही पुरेसा आहे. शिवाय इजा होत असताना पोट दुखेलच असं नाही.

आपल्या स्वयंपाकघरात काय चालतं?

ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, साबुदाणा आणि सगळ्या डाळी यांत मुळातच ग्लूटेन नाही. भाकरी खाणाऱ्या घराला वेगळं, महागडं पीठ आणायची गरज नाही. लक्ष ठेवायचं ते इथे:

- खपली गहू: पचायला हलका म्हणून सांगितला, तरी तो गहूच आहे.
- रवा, मैदा, शेवया, दलिया: हे सगळे गव्हाचेच प्रकार.
- हिंग: बाजारातल्या बऱ्याच हिंगांत गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. वेष्टनावरचे घटक वाचा.
- भाजणी आणि सातूचं पीठ: यांत बहुधा गहू किंवा जव असतो.
- गिरणी: आधी गहू दळला असेल तर त्याचं पीठ ज्वारीत उतरतं. त्यामुळे घरगुती चक्की वापरणं बरं.
- पोळपाट, चाळणी, तळणीचं तेल: रुग्णासाठी हे वेगळं ठेवावं.

भारतात 'ग्लूटेन फ्री' असं लिहायचं तर त्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही.

तपासणीआधी गहू सोडू नका

संशय आला म्हणून आधीच गहू बंद केला, तर रक्ततपासणी आणि आतड्याची बायोप्सी दोन्ही चुकीने नॉर्मल येऊ शकतात. निदान झाल्यावर मात्र पथ्य आयुष्यभराचं. त्यासोबत अँटिबॉडीज, हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व आणि गरजेनुसार हाडांची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करत राहावी. पथ्य पाळूनही त्रास होत असेल, तर आधी लपलेलं ग्लूटेन शोधावं. ते सापडलं नाही तर डॉक्टरांना भेटावं.

आणि सणाच्या पुरणपोळीचं काय? पुरण हरभऱ्याच्या डाळीचं आणि गुळाचं, त्यात ग्लूटेन नाही. अडचण फक्त वरच्या आवरणाची आहे. तेच पुरण तांदळाच्या पिठाच्या पारीत भरून उकडलं, तर रुग्णालाही पंगतीत गोड खाता येतं.