इंकजेट मुद्रणातील शाईचे वाळणे

‘वाळणे’ हे मराठीतील मोठे सोयीचे क्रियापद आहे. कपडा वाळतो, धान्य वाळते, तशी शाईही वाळते. परंतु द्रव पदार्थ नाहीसा होण्याच्या किंवा घट्ट होण्याच्या भिन्न भिन्न रीतींना मराठीत स्वतंत्र क्रियापदेही आहेत : तळ्याचे पाणी आटते, लोणच्याच्या फोडींत खार मुरतो, तूप थिजते. इंकजेट यंत्राने छापलेल्या पृष्ठावर अशा एकाहून अधिक क्रिया एकाच वेळी चालू असतात. त्या सर्वांना ‘वाळणे’ हे एकच नाव दिल्यामुळे ‘शाई ओली राहिली, तर उष्णता वाढवावी’ असा सरळ परंतु सदोष निष्कर्ष काढला जातो. शाई सर्वत्र सारखी वाळावी आणि कागदास वा अन्य मुद्रणद्रव्यास इजा पोहोचू नये, हा प्रश्न केवळ उष्णतेच्या प्रमाणाचा नाही. कोणती क्रिया कोठे चालली आहे, हे ओळखण्याचा आहे.

१. थेंबाची घडण

इंकजेटचा थेंब अतिशय लहान असतो. १० पिकोलिटर आकारमानाच्या थेंबाचा व्यास सुमारे २७ मायक्रॉन, म्हणजे मनुष्याच्या केसाच्या जाडीहूनही कमी, भरतो. जलाधारित शाईत बहुतांश पाणी असते. उरलेल्या भागात रंगद्रव्य, ते कागदास धरून ठेवणारे बंधकद्रव्य आणि ग्लिसरीन वा ग्लायकॉल यांसारखी मंद गतीने उडणारी द्रव्ये असतात. ही शेवटची द्रव्ये मुद्दाम घातलेली असतात. कारण शाई यंत्राच्या सूक्ष्म छिद्राशीच वाळली, तर छिद्र बुजते. छिद्राशी वाळू नये आणि कागदावर पडताच वाळावे, अशी परस्परविरुद्ध अपेक्षा या शाईकडून केली जाते. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, तर ग्लिसरीन सुमारे २९० अंशांना. म्हणून पाणी आटले तरी पृष्ठ पूर्णपणे वाळले असे होत नाही.

न शोषणाऱ्या पृष्ठभागावर थेंब पडला असता आणखी एक अडचण उद्भवते. टेबलावर सांडलेल्या कॉफीचा डाग मध्यभागी फिका आणि कडेला गडद दिसतो. १९९७ साली शिकागो विद्यापीठातील रॉबर्ट डीगन व त्यांचे सहकारी यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात याची मीमांसा केली. थेंबाची कड पृष्ठभागास चिकटून स्थिर राहते. कडेला बाष्पीभवन अधिक होते. तेथील तूट भरून काढण्यासाठी द्रव मध्याकडून कडेकडे वाहतो आणि तरंगणारे कण सोबत नेतो. असमान वाळण्याचे मूळ असे थेंबाच्या आतच असते. त्यावरील एक उपाय म्हणजे मंद उडणारे व कमी पृष्ठताणाचे सहद्रावक योजणे. पाणी उडून जाताच कडेला त्याचे प्रमाण वाढते, आणि पृष्ठताणातील फरकामुळे द्रव पुन्हा मध्याकडे ओढला जातो.

२. मुरणे

साध्या कागदावर शाई प्रथम मुरते. टीपकागद शाई शोषतो त्याच केशाकर्षणाने ती तंतूंमधील पोकळ्यांत शिरते. ती तंतूंच्या कडेने पसरली, तर अक्षरांच्या कडा फाटल्यासारख्या दिसतात. देवनागरीत याचा उपद्रव विशेष जाणवतो. बारीक टंकातील अनुस्वार शिरोरेषेस मिळतो, ‘ष’ किंवा ‘क्ष’ यांच्या आतील पोकळी बुजते आणि वाचक अडखळतो.

पाण्याचा दुसरा परिणाम कागदाच्या देहावरच होतो. सेल्युलोजचे तंतू पाण्याने लांबीत फारसे वाढत नाहीत, परंतु रुंदीत फुगतात. तंतूंना परस्परांशी बांधून ठेवणारे हायड्रोजन-बंध काही प्रमाणात सुटतात आणि वाळताना नव्या स्थितीत पुन्हा जुळतात. चित्राचा भाग ओला आणि समास कोरडा असेल, तर एक भाग फुगतो व दुसरा फुगत नाही. त्यामुळे कागदास लाटा येतात. मागाहून दिलेली उष्णता या लाटा पुसत नाही, उलट त्या कायम करू शकते. येथे उपाय वाळवण्यापूर्वीच करावा लागतो : शाईचे एकूण प्रमाण मर्यादित ठेवणे, सिलिकासारख्या सच्छिद्र द्रव्याचा लेप असलेला कागद घेणे, किंवा कॅल्शियमच्या क्षारांनी संस्कारित कागद वापरून रंगद्रव्य पृष्ठभागावरच साकळविणे.

३. आटणे

उष्णतेचे खरे कार्य येथे सुरू होते. समजा, ए-४ आकाराच्या पानावर चौरस मीटरला १० ग्रॅम या प्रमाणात शाई पडली व तिच्यात ७० टक्के पाणी आहे. पानावर सुमारे ०.४४ ग्रॅम पाणी येते आणि त्याच्या बाष्पीभवनास अदमासे १,००० ज्यूल उष्णता लागते. सुमारे ५ ग्रॅम वजनाच्या त्याच कोऱ्या कागदास तेवढीच उष्णता मिळाली, तर त्याचे तापमान शंभर अंशांहून अधिक वाढेल. याचा अर्थ असा की, पाणी शिल्लक आहे तोवर ते कागदाचे रक्षण करते. ते संपताच पुढची सारी उष्णता कागदावर पडते. म्हणूनच ओला भाग सुरक्षित असताना कोरडा समास करपू, वळू वा ठिसूळ होऊ शकतो.

उष्णतेइतकेच महत्त्व हवेस आहे. शाईलगतचा हवेचा थर बाष्पाने संपृक्त झाला की बाष्पीभवन मंदावते. पावसाळ्यात शाई उशिरा वाळते त्याचे कारण हवेच्या आर्द्रतेतच असते. एक घनमीटर हवा ३० अंशांना सुमारे ३० ग्रॅम, तर ६० अंशांना सुमारे १३० ग्रॅम बाष्प सामावून घेते. तथापि तीच हवा पेटीत कोंडून फिरविली, तर तीही लवकरच भरून जाते. मध्यम तापमानाच्या कोरड्या हवेचा समान झोत आणि दमट हवेचा निचरा यांची जोडी नुसत्या तीव्र उष्णतेहून अधिक हितकर ठरते.

अवरक्त दिव्यांच्या बाबतीत तरंगलांबीचा विचार आवश्यक असतो. लघुतरंगी अवरक्त किरण काजळीयुक्त काळी शाई भरपूर शोषते, पिवळी शाई फार थोडे. परिणामी एकाच चित्रातील काळा भाग तापतो आणि पिवळा ओला राहतो. याउलट ३ मायक्रॉनच्या आसपासचे किरण पाणीच प्रकर्षाने शोषते, त्यामुळे रंगभेदाचा परिणाम कमी होतो.

४. घट्ट होणे

प्लॅस्टिकच्या पातळ पटलावर मुरण्यास वाव नसतो आणि आटविण्याची उष्णताही बेताचीच देता येते. पॉलिएस्टर व ताठ पीव्हीसी ही दोन्ही साधारणतः ७० ते ८० अंशांच्या सुमारास मऊ पडू लागतात. तेथे जंबुपार किरणांनी घट्ट होणारी शाई उपयोगी पडते. तिच्यातील लहान रेणू प्रकाशामुळे परस्परांशी जुळून जाळे तयार होते; पाणी उडावे लागत नाही. ३९५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश देणारे एलईडी दिवे जुन्या पारद-दिव्यांप्रमाणे अवरक्त किरण पटलावर टाकीत नाहीत, हा त्यांचा मोठा लाभ होय. मात्र हवेतील ऑक्सिजन पृष्ठभागावरील रेणूंच्या जुळणीस अडथळा करतो. म्हणून शाई आत घट्ट आणि वर चिकट राहण्याचा संभव असतो.

या विवेचनावरून असे ध्यानात येईल की, बोटास लागत नाही एवढ्यावरून शाई वाळली असे ठरविणे अपुरे आहे. लाटा आलेल्या कागदाचा दोष मुरण्यात, करपलेल्या समासाचा आटविण्यात आणि चिकट राहिलेल्या पटलाचा घट्ट होण्यात शोधावा लागतो. तिन्ही ठिकाणी उष्णता वाढविणे हा एकच उपाय योजला, तर पहिला दोष तसाच राहतो, दुसरा बळावतो आणि तिसऱ्यात पटलच मऊ पडून ताणले जाते.