खाडीला सातबारा नसतो

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झालं. त्या आठवड्यात प्रत्येक बातमीत एक आकडा होता: पहिल्या टप्प्याचा खर्च 19,650 कोटी रुपये. कमळाच्या आकाराचं टर्मिनल, 3,700 मीटरची धावपट्टी, आज वर्षाला 2 कोटी प्रवाशांची सोय आणि सगळे टप्पे झाल्यावर 9 कोटींची. मुंबईला दुसरा विमानतळ हवाच होता, हे मान्य करूनच पुढे लिहितो. सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्या एकाच वेळी पूर्ण क्षमतेने वापरता येत नाहीत आणि भोवती शहर दाटलेलं आहे. गरज खरी होती. पण तिची किंमत कोणी, कशी मोजली?

विमानतळाची जागा 1,160 हेक्टर. या जागेवर चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वडघर, वाघिवली, वाघिवलीवाडा, उलवे, तरघर, कोंबडभुजे आणि गणेशपुरी अशी दहा गावं-वाड्या होत्या. सुमारे तीन हजार कुटुंबं, बहुतेक आगरी आणि कोळी. भातशेती, मिठागरं, खाजणातली मासेमारी या तिन्हींवर चालणारी ही माणसं. पावसाळ्यात भात, नंतर आगरात मीठ आणि बारा महिने खाडी. एखादं वर्ष भाताने दगा दिला, तर खाडी चूल पेटती ठेवायची.

या गावांच्या मधोमध सुमारे 90 मीटर उंचीची उलव्याची टेकडी होती. ती सुरुंग लावून कापली आणि तिचाच दगड-मुरूम खाजणात भरून जमीन उंच केली. उलवे नदीचा प्रवाह वळवला. नोव्हेंबर 2010 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने परवानगी दिली, तेव्हा 98 हेक्टर खारफुटी जाणार हे कागदावर आलं होतं. तिच्या बदल्यात दुसरीकडे खारफुटी लावण्याची अट होती. पण भरतीचं पाणी कुठे पसरायचं आणि ओहोटीला कुठून परतायचं, हे शेकडो वर्षांत ठरलेलं असतं. भराव झाल्यावर पारगावजवळच्या डुंगी गावात पावसाचं पाणी घराघरात शिरू लागलं. डुंगी दहा गावांच्या यादीत नव्हतं. विमानतळाने त्याची जमीन घेतली नव्हती, फक्त त्याचं पाणी अडवलं होतं. आमचंही पुनर्वसन करा, अशी मागणी घेऊन तिथल्या लोकांना नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाचे उंबरठे झिजवावे लागले.

जमीनमालकांना जे मिळालं ते आपल्याकडच्या इतर प्रकल्पांच्या मानाने बरंच चांगलं होतं, हे सांगायला हवं. जमिनीच्या बदल्यात साडेबावीस टक्के विकसित भूखंड, घराच्या बदल्यात तिप्पट क्षेत्राचा भूखंड, बांधकामासाठी रक्कम, मधल्या काळासाठी घरभाडं. धरणग्रस्तांनी चार दशकं वाट पाहूनही ज्याचं स्वप्न पाहिलं नाही, असं हे पॅकेज. पण ते सरकारच्या उदारपणातून आलेलं नाही. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या 95 गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. योग्य मोबदल्यासाठी शेतकरी नेते दि. बा. पाटलांनी लढा उभारला. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी जासई-नवघर भागात पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच शेतकरी हुतात्मे झाले. साडेबारा टक्के भूखंडाची योजना त्या रक्तातून आली. विमानतळाचे साडेबावीस म्हणजे ते साडेबारा आणि वर दहा. म्हणूनच 24 जून 2021 रोजी हजारो भूमिपुत्र सिडकोवर चालून गेले आणि विमानतळाला 'दिबां'चं नाव मागितलं. हा वाद अस्मितेचा आहे असं शहरातल्यांना वाटलं. मला त्यात हिशेब दिसतो. तो वाचला नाही, तर साडेबावीस टक्के कुठून आले ते कळत नाही.

मग कोण सुटलं? ज्यांच्याकडे कागद नव्हता ते. पॅकेज सातबारा आणि घराचा पाया पाहून ठरतं. खाडीला सातबारा नसतो. पाग टाकून बोयटं-कोळंबी धरणारा, चिखलात हात घालून निवट्या आणि चिंबोऱ्या काढणारी बाई, पहाटे ते मासे टोपलीत भरून पनवेलच्या बाजारात नेणारी कोळीण, मिठागरात मजुरीला जाणारा आदिवासी, यांच्या रोजीचा उतारा कोणत्या तलाठ्याकडे मिळणार? मिठागर गेलं की मालकाला मोबदला मिळतो. त्यात फावडं मारणारा तिथेही मजूर होता, यादीतही नाही.

खाडीचं मोल काढता येत नाही असं मात्र नाही. उरणच्या मच्छीमारांनी जेएनपीटी बंदराच्या भरावाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादात दाद मागितली. 2015 मध्ये लवादाने 1,630 कुटुंबांना 95.19 कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि त्यात जेएनपीटी, ओएनजीसीबरोबर सिडकोलाही वाटा उचलायला सांगितलं. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. तरी खाडीत भराव टाकला तर मासेमारी बुडते आणि त्याची रक्कम काढता येते, हे एका न्यायपीठाने लिहून ठेवलं. त्याच बंदरासाठी उठवलेल्या शेवा गावच्या कोळ्यांना हनुमान कोळीवाड्यात वसवलं, तर घरं वाळवीने पोखरली. चाळीस वर्षं झाली, त्या लोकांची पुनर्वसनाची मागणी संपलेली नाही. सिडकोच्या दारातलाच हा अनुभव. विमानतळाच्या वेळी मासेमारीची कुटुंबं आधी मोजून ठेवायला काय हरकत होती?

आणि सार्वजनिक पैसा? विमानतळ खासगी कंपनी चालवते. 74 टक्के हिस्सा तिचा, 26 टक्के सिडकोचा. 2017 च्या निविदेत सिडकोला महसुलातला 12.60 टक्के वाटा द्यायचं ठरलं. पण टेकडी कापणं, नदी वळवणं, विजेच्या उच्चदाब वाहिन्या हलवणं, गावं उठवणं हे काम सिडकोने आधी अंगावर घेतलं. खासगी भांडवल तयार सपाट जमिनीवर उतरलं. प्रवाशाच्या खिशालाही हात आहेच. सुरुवातीचं वापरकर्ता शुल्क देशांतर्गत उड्डाणाला 620 आणि परदेशी उड्डाणाला 1,225 रुपये ठरलं. प्रवाशाला निदान पावती मिळते. पाग गुंडाळून ठेवलेल्या माणसाने किती भरलं, त्याची पावती कुणी फाडली नाही.

हा प्रश्न पनवेलपुरता उरलेला नाही. पुरंदर तालुक्यात वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव या सात गावांवर पुण्याचा नवा विमानतळ आखला आहे. मे 2025 मध्ये ड्रोनने मोजणी सुरू झाली तेव्हा गावकरी रस्त्यावर उतरले, लाठ्या चालल्या. तिथे खाडी नाही, अंजीर-सीताफळाच्या बागा आहेत. बागेचा मालक सातबाऱ्यावर सापडेल. वाट्याने कसणारा, फळ तोडणाऱ्या आणि करंड्या भरणाऱ्या बाया, मोकळ्या माळावर मेंढरं चारणारा धनगर यांची नावं ड्रोनच्या छायाचित्रात येत नाहीत. ती घरोघर जाऊन, ग्रामसभेत वाचून, हरकती ऐकून लिहावी लागतात. हे काम मोबदल्याचा दर ठरण्याच्या आधी व्हायला हवं, कारण दर ठरला की तो नेहमी एकराचा ठरतो.